लाल सुई मागू नका, आजाराचं नाव मागा

"साहेब, ती लाल सुई द्या की. मागच्या टायमाला घेतली तवा बरं वाटलं होतं."

रेणापुरात दवाखाना टाकल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माणूस दारातून पाय चोळत आत आला की पुढचं मला आधीच कळतं. पायाला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, रात्री अंगावरची चादरसुद्धा पायाला सहन होत नाही. आणि उपाय ठरलेला असतो: लाल सुई, म्हणजे बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन. त्या जीवनसत्त्वात कोबाल्ट असतो आणि औषधाला नैसर्गिक लाल रंग असतो. लाल म्हणजे रक्त, रक्त म्हणजे ताकद, असा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय.

मंडळी, आज मी भांडायला बसलोय. थोडा तुमच्याशी, जास्त माझ्याच व्यवसायातल्या लोकांशी, आणि सगळ्यात जास्त "नसांची कमजोरी" या दोन शब्दांशी. कारण हे आजाराचं नावच नाही. "गाडी बंद पडलीय" म्हणण्यासारखं ते आहे. डिझेल संपलं, बॅटरी उतरली की इंजिन जाम झालं, हे कळल्याशिवाय मेकॅनिक हात लावत नाही. पायाच्या आगीला मात्र आपण न तपासता दहा सुयांचा कोर्स लावतो.

आधी "नस" या शब्दाचा घोळ. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. म्हणून पिंडरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा दाखवून लोक म्हणतात, "बघा, नसा दुखतात." रक्तवाहिनी म्हणजे पाण्याची पाइपलाइन. मज्जातंतू म्हणजे विजेची तार. आत तांब्यासारखा गाभा, वरून प्लास्टिकसारखं आवरण. आग, मुंग्या, सुया टोचणं, करंट बसल्यासारखी कळ येणं, बधिरपणा, ही सगळी तारेची तक्रार आहे. मालिश करून तार "मोकळी" होत नाही. आणि डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या सूज उतरवणाऱ्या असतात, बिघडलेल्या तारेतून येणाऱ्या खोट्या सिग्नलवर त्यांचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. वर्षभर रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडाला मात्र त्रास होऊ शकतो.

तार खराब होण्याची कारणं अनेक. मधुमेह हे आपल्याकडचं मोठं कारण. बी-ट्वेल्व्हची खरी कमतरता हे दुसरं, विशेषतः पूर्ण शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत. तिथं लाल सुई हेच खरं औषध आहे, मी स्वतः देतो. दारू, थायरॉईड, टीबीच्या काही गोळ्या, अशी आणखीही कारणं आहेत. पण एक कारण आपल्या तालुक्यात कुणाच्या तोंडी येत नाही, ते म्हणजे ऑटोइम्यून आजार. शरीराची संरक्षण व्यवस्था, जिनं जंतूंशी लढायचं, ती स्वतःच्याच तारांवर हल्ला करते. मराठीत यासाठी तयार म्हण आहे: कुंपणानंच शेत खाल्लं.

तुम्ही म्हणाल, हे पुण्या-मुंबईचे आजार. बरं, पुण्याचंच घेऊ.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी या भागांत गुलियन बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. बातम्यांत "नांदेड" हे नाव सारखं येत होतं आणि मला इथं फोन यायला लागले, "साहेब, आपल्या नांदेडला साथ आलीय म्हणं." ते नांदेड सिंहगड रस्त्यावरचं गाव, आपलं गोदाकाठचं नव्हे. काही आठवड्यांत रुग्णसंख्या दोनशेच्या पुढं गेली, मृत्यूही झाले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून पोटात जाणारा हा जिवाणू. त्याच्या बाहेरच्या कवचातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं बनवतं आणि ती चेहऱ्याच्या साम्यामुळे तारांवर तुटून पडतात. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस होतात, माणूस जुलाब विसरतो, आणि एका सकाळी पाय उचलत नाहीत.

या आजारात लकवा सगळ्यांना माहीत झाला. दुखणं मात्र कुणी सांगितलं नाही. जीबीएसच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांना वेदना होतात, आणि काहींना तर पाय लुळे पडण्याच्या आधीच पाठीत आणि मांड्यांत जबरदस्त कळा येतात. आपल्याकडं अशा माणसाचं काय होतं? "कंबरेत नस दबली" म्हणून एक्स-रे निघतो, सलाईन लागतं, एक स्टेरॉइडची सुई बसते. नुसतं स्टेरॉइड जीबीएसमध्ये कामाचं नाही, हे चाचण्यांनी कधीच सिद्ध झालंय. कामाचं आहे ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून काढलेली प्रतिपिंडं, किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे यंत्रातून रक्तातला द्रवभाग बदलणं. दोन्ही सारखेच उपयोगी, हे १९९२ पासून माहीत आहे. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत १२० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागतं आणि खर्च लाखांत जातो. पण उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवा. त्यातले सहा दिवस गावातल्या सलाईनवर गेले तर ते कुणी परत देत नाही.

म्हणून एवढं पाठ करून ठेवा. दोन्ही पायांची ताकद दिवसागणिक कमी होतेय, जिना चढवत नाही, खाली बसल्यावर उठवत नाही, चूळ भरताना पाणी ओठांतून सांडतंय, गिळताना ठसका लागतोय, तर वाट बघायची नाही. एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला लावा. वीसपर्यंत पोचत नसेल तर त्याच क्षणी गाडी काढा, आणि जिथं व्हेंटिलेटर आहे तिथंच न्या. मध्ये कुठं "एक सलाईन लावून बघू" म्हणून थांबू नका. माझ्याकडंही नाही.

पुण्यात शे-दोनशे माणसं एकदम आजारी पडली, तेव्हा केंद्राचं पथक आलं, पाण्याचे नमुने तपासले गेले, सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर झाले. चांगलंच झालं. पण ज्या ऑटोइम्यून आजारात तारा हळूहळू, एकेका माणसात, एकेका गावात जळतात, त्यासाठी पथक येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. चालत ओपीडीत येणाऱ्या, महिन्याला हजार-बाराशेच्या गोळ्या आणि वर्षाला तीन-चार रक्ततपासण्या लागणाऱ्या बाईसाठी त्यात फारसं काही नाही. तिचा आजार ना मरू देतो, ना भरती होऊ देतो. रोज रात्री जागवतो एवढंच.

अशाच एका बाईबद्दल सांगतो. यात चूक माझी आहे.

वय पंचेचाळीसच्या पुढं, सोयाबीनच्या काढणीला, उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या. तळपायाची आग. शुगर नॉर्मल. मी बी-ट्वेल्व्हचा कोर्स दिला. तीन महिन्यांनी परत आल्या, परत दिला. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा नर्व्ह कंडक्शन करून यायला सांगितलं. रिपोर्ट आला, अगदी नॉर्मल. आणि मग मी ते केलं जे आम्ही डॉक्टर अशा वेळी करतो. घरच्यांना म्हणालो, "काही नाही, टेन्शन आहे." मावशींनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ती नजर अजून आठवते.

पुढं सात-आठ महिन्यांनी त्या सुनेबरोबर आल्या, दात दुखतो म्हणून. दात बघायला तोंड उघडलं तर जीभ भेगाळलेल्या रानासारखी. मी विचारलं, पाणी पीत नाही का? सून म्हणाली, "आत्याबाईला पाण्याबिगर भाकर गिळतच न्हाई. तांब्या संगंच असतोय. आन् डोळ्यात माती गेल्यावानी व्हायलंय म्हणतेत." दोन वर्षं त्या माझ्यासमोर बसत होत्या, आणि मी पायाच्या वर बघितलंच नव्हतं.

हा शोग्रेन सिंड्रोम. हेन्रिक शोग्रेन नावाच्या स्वीडनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९३३ साली याचं सविस्तर वर्णन केलं. संरक्षण व्यवस्था लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते. पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पट जास्त. आणि यात मज्जातंतूही सापडतात, कधी कधी सगळ्यात बारीक तारा. मेख इथंच आहे. नर्व्ह कंडक्शनची तपासणी जाड तारा मोजते. वेदना आणि उष्णता वाहणाऱ्या बारीक तारा तिला दिसतच नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस रात्रभर जागा. बारीक तारा तपासायच्या तर घोट्याच्या वरच्या कातडीचा ३ मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तारा मोजाव्या लागतात. ती सोय आपल्या तालुक्यात नाही. पण "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार मनाचा" असं म्हणण्याचा अधिकार मला कुठल्याच पुस्तकानं दिलेला नव्हता. मावशींची एसएसए प्रतिपिंडांची रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. मी घरी जाऊन माफी मागितली.

आता उपचारांतली एक गोष्ट बघा, म्हणजे नाव का लागतं ते कळेल. तारांच्या वेदनेवर सगळ्यात जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे अमिट्रिप्टिलिन. मूळचं उदासीनतेचं, पण अगदी कमी मात्रेत ते वेदनेचा सिग्नल दाबतं. मी ते खूप वापरतो. पण त्यानं तोंड कोरडं पडतं. शोग्रेनच्या रुग्णाला, जिला भाकरी गिळत नाही तिला, ते दिलं तर आगीतून फुफाट्यात. तिथं गॅबापेन्टिन किंवा ड्युलोक्सेटिनचा विचार करावा लागतो. "नसांची कमजोरी" म्हणून औषध लिहिणाऱ्याला हे कळणारच नाही.

या गोळ्यांबद्दल खरं बोलायला हवं, कारण कंपन्यांचे प्रतिनिधी ते बोलत नाहीत. २०१५ साली जगभरातल्या चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. अमिट्रिप्टिलिनच्या गटातली औषधं साधारण चार जणांना दिली तर, पोकळ गोळीनं जितकं बरं वाटतं त्याच्या वर, एकाला वेदनेत निम्मा किंवा त्याहून जास्त आराम पडतो. ड्युलोक्सेटिनचा गट आणि गॅबापेन्टिन साधारण सहांत एक. आणि सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं प्रिगॅबालिन सात-आठांत एक. म्हणजे पहिलं औषध लागू पडलं नाही तर तुम्ही खोटं बोलत नाही आहात. दुसरं करून बघायचं. मात्रा हळूहळू वाढवायची, पुरेशा मात्रेवर महिनाभर वाट बघायची. चक्कर, गुंगी, पायावर सूज, वजन वाढणं यावर लक्ष ठेवायचं, आणि एके दिवशी कंटाळून एकदम बंद करायची नाही. वेदना शून्यावर येणं दुर्मीळ आहे. रात्रीची झोप परत येणं, हे मात्र बऱ्याच जणांना जमतं, आणि ते काही कमी नाही.

पण वेदनेची गोळी आग विझवत नाही, धूर कमी करते. मूळ आग कुठं आहे यावर पुढचं सगळं अवलंबून.

एक गडी माणूस होता, संधिवाताचा, म्हणजे रुमॅटॉइडचा जुना रुग्ण. सांधे जरा बरे वाटले म्हणून औषधं सोडली. वर्षभरानं एका पायात बाहेरच्या बाजूनं भयंकर कळ सुरू झाली आणि दोन दिवसांत त्या पायाचा पंजा लटकला. चप्पल पायात राहीना. घरच्यांनी कंबर बसवणाऱ्याकडं नेलं. तीन आठवडे तेल आणि झटके. चौथ्या आठवड्यात दुसऱ्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा माझ्याकडं आणलं. अचानक, दुखत दुखत, एका बाजूची तार जाणं आणि मग भलतीकडचीच दुसरी जाणं, याचा अर्थ तारांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांनाच दाह झालाय. तार भाजत नाहीये, उपाशी मरतेय. इथं मोठ्या मात्रेतलं स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्झिमॅबसारखी जोरदार औषधं लागतात, तीही तज्ज्ञाच्या हाताखाली आणि लवकर. त्यांना मिळाली. आजार थांबला. पण गेलेली तार परत वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. गुडघ्यापासून पंज्यापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशेब करा, वर्षाच्या वर जातं, तेही सगळं सुरळीत वाढलं तर. ते अजून पट्टा बांधून चालतात.

आता स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर पुडीवर बोलतो. बिनानावाची, कागदात बांधलेली, "वाताची" पुडी. आठ दिवसांत चमत्कार. अशा पुड्यांत बऱ्याचदा डेक्सामिथासोन किंवा बीटामिथासोन मिसळलेलं असतं, म्हणून तर चमत्कार. शुगर चढते, बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात, दबलेला टीबी डोकं वर काढतो. महिनोन्महिने खाऊन एकदम सोडली तर माणूस बीपी पडून मरूसुद्धा शकतो. आणि गंमत बघा, हीच माणसं मी प्रेडनिसोलोन लिहिलं की म्हणतात, "स्टेरॉइड नको साहेब, बेकार असतंय." स्टेरॉइड काही वेळा तार वाचवतं. फरक एवढाच की त्यात मात्रा लिहिलेली असते, मुदत असते, कमी कसं करायचं ते ठरलेलं असतं, आणि त्याबरोबर शुगर-बीपी बघितली जाते.

आपल्या भागात दुखऱ्या तारांचं निदान करताना कुष्ठरोग विसरून चालत नाही. २००५ च्या शेवटी देशपातळीवर "निर्मूलन" जाहीर झालं, त्याचा अर्थ रुग्ण दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले एवढाच. आजार संपलेला नाही. कुष्ठरोग ऑटोइम्यून नाही, जंतूचा आहे. पण त्यातही तारांचं मोठं नुकसान शरीराच्या प्रतिक्रियेनं होतं. कोपराच्या मागची तार दोरीसारखी जाड, दाबली की जीव जातो, करंगळीकडची बाजू बधिर, अंगावर एखादा न खाजणारा फिकट चट्टा. हे दिसलं की लाजेनं लपवू नका. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. आणि तार सुजलेली असेल तर प्रेडनिसोलोन काही महिने लागतं. सहा महिन्यांच्या आतलं नुकसान बऱ्याचदा परत येतं, त्यापेक्षा जुनं सहसा येत नाही. यातही "नसांची कमजोरी" म्हणून वर्ष घालवलेले रुग्ण मी बघितलेत, वाकडी बोटं घेऊन आलेले.

याच्या उलट टोकाची लूटही आहे. कुठल्या तरी मोठ्या शहरात जायचं, तिथं "ऑटोइम्यून" शब्द ऐकायचा आणि एकर विकून इम्युनोग्लोब्युलिन घ्यायचं. जीबीएसमध्ये, आणि दोन महिन्यांहून जास्त काळ वाढत जाणाऱ्या सीआयडीपी नावाच्या आजारात ते खरंच तारतं. सीआयडीपीत तर स्टेरॉइडही चालतं, जे कितीतरी स्वस्त आहे. पण कारण न सापडलेल्या बारीक तारांच्या दुखण्यावर ते देऊन बघितलं गेलं, नेदरलँड्समध्ये, ६० रुग्णांच्या चाचणीत. २०२१ मध्ये निकाल आला: वेदनेत पोकळ औषधापेक्षा फरक नाही. तेव्हा कुणी लाखांचं औषध सुचवलं तर नम्रपणे विचारा, "आजाराचं नाव काय? या नावाच्या आजारात हे चालतं का? याच्याऐवजी दुसरं काय आहे?" हे विचारल्यावर जो डॉक्टर रागावेल, त्याच्याकडून जमीन विकण्याइतकं औषध घेऊ नका.

माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. शुगर २०० आहे म्हणून प्रत्येक आग मधुमेहाची नसते. एका बाजूचं, आठवड्यांत वाढणारं, हातापासून सुरू झालेलं, बधिरपणापेक्षा अशक्तपणा जास्त असलेलं, सोबत ताप, वजन घटणं, सांधे, पुरळ, कोरडं तोंड असलेलं दुखणं मधुमेहाच्या खात्यावर टाकू नका. आणि बी-सिक्स जास्त मात्रेत महिनोन्महिने दिलं तर तेच तारा खराब करतं, हे १९८३ पासून माहीत आहे. "ताकदीची" म्हणून आपण जी मिश्र गोळी वर्षभर चालू ठेवतो, तिच्या पाकिटावरचे मिलिग्रॅम एकदा वाचा.

त्या मावशी अजून येतात. डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री एक गोळी, सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी, कारण या आजारात पुढं लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गालाखालची गाठ लवकर दिसायला हवी. आग पूर्ण गेलेली नाही. चादर मात्र आता पायावर घेता येते, म्हणाल्या.

तुम्ही येणार असाल तर घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. जुने रिपोर्ट आणा. पुडी घेत असाल तर तीही आणा, मी ओरडणार नाही. आणि पायाची आग सांगून झाली की मी विचारायच्या आधीच सांगा: भाकरी पाण्याशिवाय गिळते का, डोळ्यांत खडा गेल्यासारखं होतं का, सकाळी हाताची बोटं किती वेळ आखडलेली राहतात, गेल्या महिन्यात जुलाब झाले होते का. मी विचारायला विसरलो तर आठवण करून द्या. एकदा विसरलेला माणूस परतही विसरू शकतो.